पावणेदोन धोंडे

दुसऱ्यांनी बारीक व्हावं म्हणून स्वतः जाड होत जाणारी माणसं जगात फार नसावीत. मला एकच ठाऊक आहे, आणि ती नेमकी माझी आतेनणंद निघाली. आतेनणंद म्हणजे नवऱ्याच्या आत्याची मुलगी. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, त्यामुळे तोंडावर 'अहो ताई', आणि मनात जे यायचं ते. उइटहॉर्नला आम्ही घर घेतलं तेव्हा मला एका गोष्टीचा फार आनंद होता, तो म्हणजे सासरचं सगळं गोत सातासमुद्रापार होतं. तो आनंद सहा महिने टिकला. मग ही बाई नोकरी बदलून नेदरलँड्सला आली आणि आमच्याच ओळीत, मध्ये तीन घरं सोडून, राहायला आली. सामानाचा ट्रक अजून दारात उभा होता तेवढ्यात ती माझ्या ओट्याशी येऊन पातेल्यावरचं झाकण उचलून बघत होती. "वहिनी, आमटीत गूळ कमी आहे गं," हे तिचं या देशातलं माझ्याशी पहिलं वाक्य. चव घेऊन बघितली तर गूळ खरंच कमी होता, आणि याचाच मला जास्त राग आला.

खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळायचे. मधल्या घरातल्या डच आजीला मी सहा महिने नेमानं 'खूये मॉर्खन', म्हणजे सुप्रभात, घालत होते, तिनं कधी मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही. हिला तिनं दुसऱ्या आठवड्यात परसातले रुबार्बचे आंबट देठ कापून दिले, आणि हिनं त्यांचं चक्क लोणचं घालून बरणी परत केली. माझी लेक माझ्याशी बोलताना मराठी प्रश्नाला डचमध्ये उत्तर देते, पण आत्यापुढे "आत्या, अजून एक गोष्ट सांग ना" असं अस्सल सातारी मराठी तिच्या तोंडून झरतं. सासूबाईंचा साताऱ्याहून फोन आला की पहिली पाच मिनिटं माझी विचारपूस आणि पुढची चाळीस मिनिटं "ती काय म्हणतेय?" नवऱ्याचं तर विचारूच नका. मी सांगितलेल्या विनोदावर तो "हं" म्हणतो, आणि तोच विनोद मी तिला सांगितलेला असतो, तो तिच्या तोंडून परत ऐकून पोट धरून हसतो. पण हे सगळं मी गिळलं असतं. मला खरं सलायचं ते वेगळंच. ती एक्क्याण्णव किलोची होती आणि तिला त्याचं काही म्हणजे काही वाटत नसे. मी अठ्ठ्याहत्तर किलोची, फोटो काढायचा म्हटलं की कुणाच्या तरी खांद्यामागे लपायचे. ही सगळ्यांच्या पुढे येऊन, कमरेवर हात ठेवून, "माझा सगळा फोटो आला पाहिजे बरं का, निम्मा नको," असं काढणाऱ्याला बजावून उभी राहायची, आणि फोटोत तीच सगळ्यांत छान दिसायची. मेली.

तिचं डच हा एक स्वतंत्र प्रकार होता. डच लोकांना प्रत्येक वस्तू छोटी करून बोलायची सवय आहे. शब्दाला 'त्ये' लावला की कप कपुला होतो, मांजर मांजरुलं. तिनं भाषेतलं तेवढंच एक उचललं आणि मराठीला लावलं. "लाडूत्ये घे गं," "चकलीत्ये दे," असं चालायचं. यात तिचा हिशोब असा की, वस्तू छोटी करून म्हटली की तिच्यातल्या कॅलरीही तेवढ्याच छोट्या होतात. एकदा मी तिच्यासमोर मोजले, सात लाडूत्ये झाले. मी म्हटलं, "ताई, सात झाले." ती शांतपणे म्हणाली, "सात छोटे म्हणजे मोठे किती? तीन. तिनाला काय होतंय?" आणि एवढं बोलून आठवा उचलला.

आणि याच बाईला वेड कशाचं, तर वजन घटवायच्या स्पर्धेचं. ब्रिटिश टीव्हीवर पूर्वी लागायची अशी एक स्पर्धा. आडव्या अंगाची दहाबारा माणसं एका मोठ्या घरात नेऊन ठेवायची, कवायत करणारे मास्तर त्यांच्या तोंडावर ओरडणार, आठवड्याच्या शेवटी एका प्रचंड वजनकाट्यावर एकेकाला उभं करणार, आणि ज्याचं वजन सगळ्यांत कमी उतरलं तो रडतरडत घरी जाणार. करोनाच्या पहिल्या बंदीत सगळे घरात अडकले तेव्हा तिनं या कार्यक्रमाचे जुने भाग कुठूनकुठून शोधून काढले आणि मांडीवर चिवड्याचं पातेलं घेऊन ते ओळीनं बघायला सुरुवात केली. बघणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे. ती त्या माणसांच्या संसारात शिरायची. त्यात एक ट्रकचालक होता, त्याच्यावर तिचा विशेष जीव. "आमचा ट्रकवाला" असंच म्हणायची. एका संध्याकाळी नवऱ्याला तिचा फोन आला, रडवेल्या आवाजात, "गेला रे, ट्रकवाला गेला!" दिवस असे होते की 'गेला' या शब्दाचा एकच अर्थ व्हायचा. नवरा मटकन खुर्चीत बसला. कुठला ट्रकवाला, आपल्या ओळखीतला कोण, घरी मागे कोण आहे, हे सगळं विचारून झाल्यावर पाच मिनिटांनी उलगडा झाला की तो गेला म्हणजे वजन कमी न उतरल्यामुळे स्पर्धेतून घरी गेला, आणि तोही बऱ्याच वर्षांपूर्वी.

इंग्रज लोक वजन किलोत नाही, 'स्टोन'मध्ये सांगतात. एक स्टोन म्हणजे सहा किलो साडेतीनशे ग्रॅम, हे आम्हा सगळ्यांना तिच्यामुळे पाठ झालं. पण 'स्टोन' म्हणणं तिला परकं वाटायचं, म्हणून तिनं त्याचं 'धोंडा' करून टाकलं. "वेल्सच्या त्या शिक्षिकेचे दोन धोंडे उतरले!" असं ती फाटकातून ओरडत यायची. मग तिला सगळी माणसं धोंड्यांत दिसायला लागली. माझा नवरा तेरा धोंडे. डच आजी नऊ. स्वतः ती चौदा आणि वर थोडे पौंड. मी एकदा न राहवून म्हटलंच, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." वाटलं, लागेल जरा. तर डोळे मोठे करून म्हणते, "पाषाण म्हणजे पण स्टोनच की गं! आपल्या लोकांनी आधीच म्हणून ठेवलंय बघ," आणि जाऊन ते आपल्या यजमानांना सांगितलं, त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, आणि नवरा घरी येऊन मलाच सांगून हसला.

सप्टेंबरात तिनं आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर जाहीर केलं की आता आपलीही स्पर्धा. मुहूर्त कुठला, तर अधिक महिना. धोंड्याचा महिना! ज्या महिन्यात सासूनं जावयाला पुरणाचे धोंडे करून घालायचे, त्या महिन्यात ही लोकांना धोंडे उतरवायला सांगत होती. सासूबाईंना फोनवर कळलं की उइटहॉर्नला धोंड्यांचं काहीतरी मोठं चाललंय, तर त्यांनी कौतुकानं विचारलं, "किती केलेस गं? तेहेतीस?" स्पर्धेची पद्धत अशी की रविवारी सकाळी अकराला सगळ्यांनी व्हिडिओवर यायचं, एकेकानं आपापल्या काट्यावर चढायचं आणि दुसऱ्यानं फोन वाकवून आकडा दाखवायचा. रथसप्तमीच्या आसपास शेवटची फेरी. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून केशरी फेटा, तोही ती स्वतः त्याच्या डोक्याला बांधणार.

त्या फेट्यावर माझा जीव जडला. हसू नका. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी कशातही पहिली आले नव्हते, आणि ज्या घरात मी लग्न करून आले तिथे पहिली यायची जागा या बाईनं जन्मापासून अडवून ठेवली होती. मनाशी म्हटलं, बारीक व्हायचं, जिंकायचं, आणि तो फेटा तिच्याच हातानं बांधून घ्यायचा.

रविवार मोठे मजेचे असायचे, हे मलाही कबूल करावं लागतं. ती मास्तरीणबाई होऊन शिट्टी घेऊन बसायची आणि टीव्हीवरच्या मास्तरांसारखी ओरडायची, "पोटाला सांगा, मालक मी आहे! पोट मालक नाही!" रायस्वाइकचे एक गृहस्थ दर आठवड्याला किलोभर उतरायचे, तर हिनं चौथ्या रविवारी पकडलं. "आकडा नाचतोय का हो तुमचा? दुसरा पाय कुठंय?" दुसरा पाय बाथटबच्या काठावर होता. ती सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायचा पगार घेते, आणि तेच काम घरी फुकट करते. स्वतःचं वजन मात्र ती शेवटी करायची. काट्यावर चढायची, आकडा दोनशे ग्रॅम वर गेलेला असायचा, तर हात जोडून सगळ्यांना नमस्कार करायची. "मी तुमच्या धीरासाठी इथं आहे. खाली कुणीतरी पाहिजे की नाही?" सगळे टाळ्या वाजवायचे.

आणि मी उतरत होते. पहिल्या महिन्यात दोन किलो, दुसऱ्यात तीन. मला स्वतःलाच विश्वास बसेना. विशेष काही करतही नव्हते. उलट भूक सपाटून लागायची, पाचसहा पोळ्या सहज जायच्या, तरी काटा खालीच. मला वाटलं, ही जिद्द. अंगात नुसता उत्साह संचारला होता. पहाटे पाचला जाग यायची, मग मी खिडक्यांच्या काचा पुसायचे. नोव्हेंबरच्या गारठ्यात नवरा स्वेटर घालून बसलेला आणि मी खिडक्या उघडत फिरतेय. चहा ओतताना हात थरथरायचा, तो मी रागाच्या खात्यावर टाकला, कारण रागही भरपूर येत होता. डबा उघडा राहिला, राग. सायकलला कुणी घंटी वाजवली, राग. नवऱ्याचं म्हणणं, यात नवीन काही नव्हतं. तो बिचारा खूश होता. "किती छान दिसायला लागलीस," म्हणायचा. मी आरशापुढे उभी राहून लग्नातली पोलकी घालून बघायचे.

दिवाळीच्या आठवड्यात तर मी दोन किलो उतरले. त्या रविवारी अकराला मी काट्यावर चढले. मग माझ्या वाट्याला आलं ते असं: "वाळलीस गं," "चेहरा उतरलाय," "बरं आहे ना सगळं?" हे आपल्या लोकांचं कौतुक! वाढलं की म्हणणार तब्येत सुधारली, आणि उतरलं की आजारी आहेस का. मी तिच्याकडे बघत होते, तिनं शाबास म्हणावं म्हणून. ती चष्मा लावून पडद्याला नाक टेकवून माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तशीच पुढचं नाव पुकारून मोकळी झाली. नंतर ती स्वतः चढली. तीनशे ग्रॅम उतरली होती. तीनशे! त्यावर तिनं छोटंसं भाषण केलं, यजमानांचे, काट्याचे आणि फराळ संपल्याबद्दल फराळाचे आभार मानले, आणि लोकांनी थाळ्या बडवल्या. माझा नवरासुद्धा, माझ्या शेजारी बसून, माझ्याच स्वयंपाकघरातली थाळी बडवत होता. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. तिच्याशी तर आठवडाभर नाही.

जानेवारीत सरकारी नियम निघाला, घरी दिवसाला एकच पाहुणा. दुसऱ्या कुणी संक्रांतीचं हळदीकुंकू रद्द केलं असतं. हिनं कॅलेंडर काढलं. "हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं ना? मग रोज एक सवाष्ण!" आणि खरोखर रोज एकीला बोलावून तिनं महिनाभर हळदीकुंकू चालवलं. कायदाही राखला आणि सणही. माझा नंबर एका बुधवारी लागला. कुंकू लावून झालं, तिळगूळ दिला, आणि वाण म्हणून हिरव्या बांगड्या भरायला तिनं माझा हात हातात घेतला. बांगडी अडकलीच नाही. मनगटावरून सरळ खाली घरंगळली. तिनं दुसरी चढवली, तीही तशीच. मग बांगड्या बाजूला ठेवून तिनं माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत बसली.

"काय करताय?" मी विचारलं.

"गप्प बस. मोजतेय." मिनिटानं म्हणाली, "वहिनी, तू बसलेली आहेस आणि तुझी नाडी जिना चढतेय. मागच्या संक्रांतीला साबण लावून बांगडी चढवली होती मी तुला. आणि दिवाळीत दोन किलो उतरलीस. दिवाळीत कुणाचं वजन उतरत नाही गं, आपल्यात तर नाहीच. सगळं इतकं छान चाललंय ना, म्हणजे कुठेतरी बग आहे. डॉक्टरकडे जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने जिवाचं रान केलं (असं मला वाटत होतं), पावणेदोन धोंडे उतरवले, फेटा दोन हातांवर आला, आणि आता म्हणे बग! मी उठले. इतक्या वर्षांत तोंडावर कधी बोलले नव्हते ते बोलले. "ताई, स्पष्टच सांगते. तुम्हाला माझं बरं बघवत नाही." तिळगूळ तिथेच टाकून मी घरी आले.

रविवारी शेवटून दुसरी फेरी. सगळ्यांची वजनं झाली, माझं नाव येईना. मी हात वर केला. तर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनीचं नाव मी स्पर्धेतून काढलंय. डॉक्टरची चिठ्ठी आणेपर्यंत तिचा आकडा धरला जाणार नाही." चौदा घरांची माणसं बघत होती. मी फोन बंद केला आणि मोरीत जाऊन रडले. मग सासूबाईंना फोन लावला, म्हटलं यांच्या लाडक्या भाचीचे प्रताप यांनाही कळू देत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "ती म्हणतेय तर जाऊन ये बाई एकदा." म्हणजे तिथेही तीच!

तेव्हा मी गेले ती तब्येतीसाठी नाही, सुडासाठी गेले. हाउसआर्ट्स, म्हणजे आमच्या वस्तीतले डॉक्टर, त्यांच्याकडून 'या बाईला काही झालेलं नाही' असं लेखी आणायचं आणि ते ग्रुपवर टाकायचं, एवढाच बेत. सोमवारी फोन केला. पलीकडच्या मदतनीस बाईंनी तक्रार विचारली. मी म्हटलं, तक्रार काही नाही, वजन उतरल्याचं सर्टिफिकेट हवंय. किती उतरलं? अकरा किलो, चार महिन्यांत. खाणं? भरपूर. पलीकडे जरा वेळ नुसती टायपिंगची टकटक ऐकू आली, मग आवाज बदलला. आज तीनला येऊ शकाल का?

रक्त तपासलं आणि दोन दिवसांनी थायरॉइड निघालं. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी बेफाम सुटली होती आणि मला आतून जाळत होती. जिद्द नव्हती, उत्साह नव्हता, काहीच माझं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके याच चालीनं अजून काही महिने पडत राहिले असते तर वेगळ्याच दवाखान्यात भेट झाली असती. मग त्यांनी विचारलं, "चिडचिड होते का?" नवरा फोनच्या स्पीकरवर होता, त्यानं माझ्याआधी "हो" म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ते याच दुखण्याचं लक्षण. नवऱ्याला इतका आनंद झालेला मी फार कमी वेळा ऐकला आहे.

त्याच संध्याकाळी तिच्या दारी गेले. आत त्या दिवसाची सवाष्ण बसलेली, म्हणजे मला आत जायची सोय नाही. ती दारात आली, मी दीड मीटर लांब पायवाटेवर. सांगितलं सगळं. ती पदरानं नाक पुसत राहिली. मग मला राहवलं नाही. "ताई, मी तुमच्यावर जळायचे. पहिल्या दिवसापासून."

"माहितीये की," ती म्हणाली. "मी पण जळत होते."

"माझ्यावर?"

"मग काय ट्रकवाल्यावर? दर रविवारी वाटायचं, ही मेली उतरत चालली आणि मी आपली तिथंच. रात्री पडले की तुझे आकडे डोळ्यांपुढे. तुझा गळा बघायचे, तुझे हात बघायचे, कुठनं किती गेलं ते मोजायचे. म्हणून तर दिसलं गं मला. तुझा नवरा प्रेमानं बघतो, त्याला सगळं छानच दिसतं. पोटात दुखत असलं ना, की माणूस फार नीट बघतो."

हसावं की रडावं कळेना, शेवटी दोन्ही केलं. तिला मात्र एकाएकी शंका आली. "अगं, माझीच दृष्ट लागली नसेल ना तुला?" असं म्हणत ती आत पळाली आणि मूठभर मीठमोहरी घेऊन आली. दीड मीटरचा नियम पाळून, दारात उभी राहून, लांबूनच हात फिरवत तिनं माझी दृष्ट काढली. कुंपणापलीकडून डच आजीनं हे काय म्हणून विचारलं. हिनं मूठ उघडून दाखवली आणि मिठाच्या डच शब्दाला सवयीनं 'त्ये' लावला, "झाउत्ये!" डचमध्ये झाउत्ये म्हणजे नुसतं छोटं मीठ नव्हे, खारा खाऊ. आजीला वाटलं, आमंत्रण आहे. ती बशी घेऊन आली. शेवटी तिला चिवडा द्यावा लागला.

फेटा रायस्वाइकच्या गृहस्थांना मिळाला, दोन्ही पाय काट्यावर ठेवून. मला गोळ्या सुरू झाल्या, हाताची थरथर थांबली, पहाटेच्या खिडक्या थांबल्या, आणि गेलेले पावणेदोन धोंडे उन्हाळ्यापर्यंत येताना सोबत अर्धा धोंडा जास्तीचा घेऊन परत आले. लग्नातली पोलकी पुन्हा ट्रंकेत गेली. ती रोज रात्री जेवणानंतर तीन घरं चालत यायची, खिडकीतूनच "गोळी घेतलीस?" विचारायची, आणि मी जीभ काढून दाखवायचे. मी तिला 'अहो' म्हणायचं कधी सोडलं कळलं नाही. आणि नंतर लक्षात आल्यावर पुन्हा म्हणायला लागले, कारण सासूबाईंनी ऐकलं.

मग तिला नायमेखनला नोकरी लागली, चिप्स बनवणाऱ्या कंपनीत. ती सगळ्यांना सांगत सुटली, "खायच्या नव्हेत गं, नाहीतर मी फुकट गेले असते." सामानाचा ट्रक दारात आला तेव्हा मी कामाचं निमित्त काढून घरातच थांबले. नायमेखन काही लांब नाही, दीडदोन तासांची गाडी. पण दीडदोन तासांवरून कुणी रोज रात्री खिडकीत येत नाही. मधली तीन घरं होती तिथेच आहेत, चौथ्यात एक तरुण डच जोडपं आलंय, मला पाहून ते छान हात हलवतात. लेक आता आत्याशीही फोनवर डचच बोलते. वजन कुणी विचारत नाही. नवऱ्याला मी छानच दिसते.

परवा रविवारी अकराला सहज तिला व्हिडिओ लावला. ती कणीक मळत होती. पडद्याकडे ओझरतं बघून म्हणाली, "वा, छान दिसतेस गं वहिनी!" आणि लगेच तिच्या नव्या शेजारणीबद्दल सांगायला लागली. नागपूरची आहे, एकटीच असते, संशोधन करते. "तिचा चेहरा मला बरा वाटत नाही बघ. डोळ्यांखाली काळं आलंय. पायऱ्या चढताना थांबते. मी मोजलं, सहाव्या पायरीला थांबते. कालपासून तिला डबा द्यायला लागलेय." ती सांगत होती, मी ऐकत होते, आणि त्या न पाहिलेल्या नागपूरच्या मुलीवर मी अशी काही जळले की काय सांगू. फेट्यासाठीसुद्धा इतकी जळले नव्हते.

मी फोन तोंडाजवळ आणला. "ताई," म्हटलं, "नीट बघा की हो माझ्याकडे."

कणकेचे हात तसेच वर धरून ती थांबली. कोपरानं चष्मा खाली ढकलून नाकावर घेतला, पडद्याजवळ आली, आणि गळा, गाल, हात असं सावकाश, एकेक करून, बघत राहिली.

"वाढलीस गं मेले," ती म्हणाली.

किती दिवसांनी बरं वाटलं.